नरक्या : सह्याद्रीच्या रानातील औषधी वृक्ष व त्यातील रसायन

मागील हिवाळ्यात घाटमाथ्यावरील एका गावी जाण्याचा प्रसंग आला असता तेथील एका शेतकरी गृहस्थांनी आपल्या वरकस जमिनीच्या कडेला असलेले तीन खड्डे प्रस्तुत लेखकास दाखविले. त्या जागी नरक्याची तीन जुनी झाडे होती. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने ती जळाऊ लाकडाच्या भावाने विकत घेतली आणि मुळ्यांसकट खणून नेली. "नुसते सरपणच न्यायचे, तर मुळ्या कशाला खणल्या?" असा प्रश्न त्या गृहस्थांना झाडे गेल्यानंतर पडला. त्याच गावात दुसऱ्या एका घरी याच झाडाची साल उकळून तिचा काढा आजारी वडिलांना देण्याची तयारी चालली होती. "या झाडात कॅन्सरचे औषध आहे," असे कोणीतरी त्यांना सांगितले होते.

एकाने या झाडाला सरपण समजावे आणि दुसऱ्याने घरगुती औषध समजावे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. दोहोंचे मूळ एकच, ते म्हणजे या झाडात नेमके काय आहे आणि त्याचे औषध कसे बनते याविषयीचे अज्ञान. हे अज्ञान दूर व्हावे, म्हणून या वृक्षाची व त्यातील रसायनाची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

झाडाची ओळख

नरक्या हा सदाहरित व निमसदाहरित रानातील लहान वृक्ष होय. पश्चिम घाटात तो उत्तरेकडून दक्षिणेपर्यंत विखुरलेला असून श्रीलंकेतही आढळतो. आपल्या राज्यात महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली अशा अधिक पावसाच्या डोंगराळ भागांत तो विशेषेकरून दिसतो. दाट रानाच्या कडेला, ओढ्यांच्या काठी, देवरायांत, तसेच डोंगरउतारावरील मालकीच्या जमिनींतही तो आपोआप उगवतो.

झाड सामान्यतः तीन ते आठ मीटर उंच वाढते. साल करड्या रंगाची असते. पाने रुंद, अंडाकृती व टोकाशी निमुळती असून ती फांद्यांच्या शेंड्याकडे दाटीने येतात. पानाच्या तळाच्या दोन्ही बाजू बहुधा सारख्या नसतात. जुनी पाने गळून पडल्यावर फांदीवर त्यांच्या देठांचे ठळक वण राहतात. पावसाळ्यात फिकट पिवळसर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. या फुलांना अत्यंत उग्र व अप्रिय वास येतो. फळे लांबट व एकाच बीची असून पिकल्यावर जांभळट काळी होतात. सर्वच झाडे फळत नाहीत, कारण काही झाडांवर केवळ नरफुले येतात. बियांसाठी झाडे राखून ठेवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

नावांचा घोटाळा

वर सांगितलेल्या दुर्गंधीवरूनच या झाडास 'नरक्या' किंवा 'घाणेरा' ही नावे पडली असावीत. शास्त्रीय परिभाषेतही पूर्वी त्याला 'मॅपिया फीटिडा' म्हणत. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'दुर्गंधीयुक्त' असाच आहे. आज 'नोथॅपोडायटिस निमोनियाना' हे नाव रूढ आहे. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची जी सूची १८३९ साली प्रसिद्ध केली, तीत हे झाड नोंदविताना त्यांनी निमो या आपल्या सहकाऱ्याचे नाव त्याला दिले. त्यावरून हे 'निमोनियाना' आले.

याच झाडास काही ठिकाणी 'अमृता' असेही म्हणतात आणि येथे मोठा धोका संभवतो. आयुर्वेदात 'अमृता' हे गुळवेलीचे नाव आहे. गुळवेल ही वेल आहे, तर नरक्या हे झाड आहे. दोहोंचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नाही. वाळलेल्या तुकड्यांच्या रूपात मात्र अनभिज्ञ माणसाची फसगत होऊ शकते. यास्तव बाजारात वा घरात या झाडासंबंधी बोलताना 'अमृता' हा शब्द न वापरणेच हिताचे होय.

रसायनाचा शोध कसा लागला

नरक्याच्या अंगी असलेले द्रव्य प्रथम नरक्यात सापडले नाही. ते सापडले एका चिनी वृक्षात. चीनमध्ये 'कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा' नावाचा वृक्ष आहे. त्याची काही झाडे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चिको येथील सरकारी रोपबागेत लावलेली होती. त्या सुमारास अमेरिकेच्या कृषिखात्यातील रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल हे हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होते. त्यांचा मूळ हेतू कॉर्टिसोन हे औषध बनविण्यास उपयोगी पडणारी द्रव्ये शोधण्याचा होता. तथापि हे अर्क कर्करोगावरील चाचणीसाठीही पाठविण्यात आले आणि या चिनी वृक्षाचा अर्क विशेष गुणकारी ठरला.

पुढे उत्तर कॅरोलिना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत वॉल व त्यांचे सहकारी मनसुख वाणी यांनी त्या अर्कातील नेमके द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. या द्रव्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. आपल्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे डॉ. वाणी यांचा जन्म १९२५ साली खानदेशात नंदुरबार येथे झाला आणि त्यांचे पदवीपर्यंतचे व पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते.

यानंतर सहाच वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी आपल्या नरक्याची तपासणी केली आणि त्यातही कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले. हे द्रव्य नरक्यात चिनी वृक्षापेक्षाही अधिक प्रमाणात आढळते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही वृक्ष निरनिराळ्या कुळांतील आहेत. असे असूनही दोघांनी एकच गुंतागुंतीचे द्रव्य बनवावे, ही नवलाची गोष्ट होय. तोपर्यंत दुर्गंधीखेरीज ज्याची कोणी फारशी दखल घेतली नव्हती, ते झाड एका दिवसात जगाच्या औषधबाजारात मोलाचे ठरले.

झाड हे द्रव्य कसे बनवते

वनस्पतींमध्ये नायट्रोजनयुक्त, बहुधा कडवट व अल्प प्रमाणातही प्राण्यांवर परिणाम करणारी जी द्रव्ये असतात, त्यांना अल्कलॉइड म्हणतात. तंबाखूतील निकोटिन व चहातील कॅफीन ही त्यांची सर्वांच्या परिचयाची उदाहरणे होत. कॅम्प्टोथेसिन हेही त्याच वर्गातील द्रव्य आहे.

ते बनविण्यास झाड दोन कच्चे माल वापरते. पहिला ट्रिप्टोफॅन या अॅमिनो आम्लापासून मिळतो. हे आम्ल प्रत्येक वनस्पतीत व आपल्या अन्नातील प्रथिनांतही असते. दुसरा माल म्हणजे सुगंधी तेलांतील द्रव्यांशी नाते असलेला, सेकोलोगॅनिन नावाचा पदार्थ. या दोहोंचा सांधा जुळून एक मूळ द्रव्य तयार होते आणि पुढे पायरीपायरीने त्याचे रूप पालटत जाऊन अखेरीस कॅम्प्टोथेसिन बनते.

या मूळ सांध्यापासून निघालेले गोत मोठे आहे. सिंकोनाच्या सालीतील क्विनिन, सर्पगंधेच्या मुळीतील रेसरपिन आणि आपल्या अंगणातील सदाफुलीत असणारी व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरील द्रव्ये, ही सर्व त्याच गोतावळ्यातील होत. एकाच पिठापासून घरोघरी भिन्न पक्वान्ने व्हावीत, तसाच हा प्रकार आहे.

झाड एवढा खटाटोप कशासाठी करते? झाडाला जागा सोडून पळता येत नाही, म्हणून पाने, साल व मुळे कुरतडणाऱ्या शत्रूंपासून ते विषाच्या साहाय्याने आपला बचाव करते. मग या विषाने झाड स्वतःच का मरत नाही, असा प्रश्न चौकस वाचकास पडेल. त्याचे उत्तरही मिळाले आहे. हे विष पेशीतील ज्या विकरावर आघात करते, त्या विकराच्या घडणीत चिनी वृक्षाने व कॅम्प्टोथेसिन बनविणाऱ्या अन्य काही वनस्पतींनी किंचित बदल करून घेतलेला आढळतो. त्यामुळे विषाची पकड तेथे बसत नाही. कुलपाची ठेवण बदलली की जुनी किल्ली लागत नाही, तसेच हे आहे.

औषधाचे कार्य

प्रत्येक पेशीत आनुवंशिक गुणांचा साठा डीएनए या द्रव्याच्या रूपाने असतो. त्याचे दोन धागे दोरखंडाच्या पिळाप्रमाणे एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात. पेशीची वाढ होऊन एकीच्या दोन होताना हे धागे उलगडावे लागतात. पीळ घातलेला दोर एका टोकाकडून उलगडू लागलो, तर पुढचा भाग अधिकच घट्ट पिळला जातो, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. पेशीत हा ताण कमी करण्याचे काम टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर करते. ते दोहोंपैकी एक धागा कापते, पीळ सैल होऊ देते आणि लगेच तो धागा पुन्हा सांधते.

कॅम्प्टोथेसिन नेमके या क्षणी कापलेल्या जागी पाचरीसारखे जाऊन बसते. धागा कापला जातो, परंतु सांधला जात नाही. नवी प्रत तयार करणारी यंत्रणा तेथवर येऊन पोहोचली की दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. ही कार्यपद्धती १९८५ साली उजेडात आली.

कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांच्यावर या द्रव्याचा आघात अधिक होतो. परंतु शरीरात झपाट्याने विभागणाऱ्या इतरही पेशी आहेत. अस्थिमज्जेतील रक्त निर्माण करणाऱ्या पेशी, आतड्याचे अस्तर व केसांची मुळे या सर्वांवर तोच आघात होतो. म्हणून हे औषध शिरेवाटे, ठरावीक मात्रेत, रक्ताची वारंवार तपासणी करीत, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिले जाते.

काढा का घेऊ नये

कॅम्प्टोथेसिनचा रेणू एकमेकांना जोडलेल्या पाच कड्यांचा बनलेला असतो. त्यांपैकी पाचव्या कड्यास लॅक्टोन म्हणतात. सारा औषधी गुण हे कडे बंद राहण्यावर अवलंबून आहे. अम्लधर्मी द्रवात ते बंद राहते, तर क्षारधर्मी द्रवात उघडते. कडे उघडले की औषधाचा गुण बहुतांशी जातो, विषारीपणा मात्र राहू शकतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना मोठी किंमत देऊन कळली. मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत रुग्णांवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत त्याचा पाण्यात विरघळणारा सोडियम क्षार वापरण्यात आला. या क्षारात पाचवे कडे उघडलेले असते. परिणामी गुण थोडा आला आणि अपाय फार झाला. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला व अस्थिमज्जेचे काम मंदावले. अखेर त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

पुढे सुमारे दोन दशकांच्या प्रयत्नांनंतर मूळ द्रव्यावर रासायनिक प्रक्रिया करून दोन सुधारलेली औषधे तयार झाली. इरिनोटेकन या औषधास जपानमध्ये १९९४ साली व अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर त्याचा उपयोग होतो. दुसरे टोपोटेकन, त्यासही अमेरिकेत १९९६ सालीच मान्यता मिळाली. ते अंडाशयाच्या व फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर वापरले जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्णालयात दिले जाणारे औषध झाडात तयार स्वरूपात नसते. झाडात असतो तो त्याचा कच्चा व विषारी माल. शुद्ध द्रव्य हाती असलेल्या, सर्व साधनांनी सुसज्ज अशा डॉक्टरांनाही ज्याची मात्रा सांभाळता आली नाही, ते द्रव्य चुलीवरच्या भांड्यात कोण सांभाळणार? सालीच्या एका तुकड्यात ते किती आहे हे कळत नाही, काढ्यात किती उतरले हे कळत नाही आणि अपाय झाल्याचे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सबब, नरक्याची साल, मूळ, पान वा फळ कोणत्याही स्वरूपात पोटात घेऊ नये आणि जनावरांसही चारा म्हणून घालू नये. घरात कोणास कर्करोगाची शंका असेल, तर काढ्यात दिवस न दवडता रुग्णालयाची वाट धरावी. आरंभी उल्लेखिलेल्या घरी हे सर्व समजावून सांगितल्यावर सालीचे गाठोडे बाजूला ठेवण्यात आले, हे नमूद करण्यास समाधान वाटते.

तोड आणि तिचे परिणाम

शुद्ध कॅम्प्टोथेसिन संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनविता येते. परंतु ते काम खर्चाचे असल्याने औषधांसाठी लागणारा कच्चा माल प्रामुख्याने झाडांपासूनच मिळविला जातो. वाळलेल्या १०० किलो लाकडात हे द्रव्य सामान्यतः १०० ते ३०० ग्रॅम एवढेच असते. मुळांच्या सालीत त्याचे प्रमाण लाकडाहून अधिक असते. व्यापारी मुळ्या का खणून नेतो, या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. बुंधा राखून तोडलेल्या झाडाला धुमारे फुटतात, मूळ खणलेल्या झाडाची मात्र त्या जागेवरील वस्तीच संपते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सर्व झाडांत हे द्रव्य सारखे नसते. शेजारी शेजारी वाढणाऱ्या दोन झाडांतही त्याच्या प्रमाणात कित्येक पटींचे अंतर आढळून आले आहे. कोणते झाड सरस व कोणते निरस, हे बाहेरून ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणजे सरसकट तोडीत जी झाडे नष्ट होतात, त्यांत उद्याच्या लागवडीसाठी बियाणे म्हणून राखावयास हवी होती, अशी उत्तम झाडेही असतात. आंब्याच्या बागेत चव न घेताच सगळी झाडे तोडून टाकण्यासारखे हे आहे. त्यातून, सर्वच झाडे फळत नसल्याने, फळणारी थोडी झाडे गेली की त्या परिसरात नवी रोपेही उगवेनाशी होतात.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. आपल्या जमिनीत नरक्याची झाडे असल्यास ती मोजून नोंद करून ठेवावी. कोणती झाडे फळतात, हे पावसाळ्यानंतर पाहून त्यांवर खूण करावी. ती झाडे कोणत्याही भावाने विकू नयेत.

२. झाड मालकीचे असले, तरी ते तोडण्यापूर्वी व त्याचा माल गावाबाहेर पाठविण्यापूर्वी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करून लेखी परवानगी घ्यावी. "परवान्याचे मी पाहून घेईन," असे सांगणाऱ्या व्यापाऱ्यावर विसंबू नये. माल पकडला गेल्यास जाब जमीनमालकालाही विचारला जाऊ शकतो.

३. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे. गावातील नरक्याच्या झाडांची नोंद या समितीच्या नोंदवहीत करून घ्यावी. गावाच्या संपत्तीची दाद मागण्यास अशी नोंद उपयोगी पडते.

४. मुळे कोणत्याही परिस्थितीत खणू देऊ नयेत. रीतसर परवानगीने तोड करावयाची झाल्यास जमिनीपासून हातभर उंचीचा बुंधा राखून धारदार हत्याराने तिरकस काप घ्यावा. साल सोलली जाऊ देऊ नये. नवे धुमारे फुटल्यावर त्यांतील दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत आणि गुरांपासून त्यांचे रक्षण करावे.

रोपे तयार करणे

पूर्ण पिकून काळसर झालेली फळे गोळा करावीत. गर चोळून काढून बिया स्वच्छ धुवाव्यात आणि सावलीत सुकवाव्यात. बिया फार दिवस साठवू नयेत, कारण जसजसा काळ लोटतो तसतशी त्यांची उगवणशक्ती कमी होत जाते. पोयट्याची माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशव्यांत किंवा गादीवाफ्यावर, सावलीखाली बी पेरावे. ओल कायम राखावी, पाणी मात्र साचू देऊ नये. उगवण सावकाश होते, म्हणून काही आठवडे कोंब दिसला नाही तरी वाफा मोडू नये. फळे, बी व साल हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

वर्षभर वाढलेली रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. दोन रोपांत अडीच ते तीन मीटर अंतर असावे. पाण्याचा निचरा होणारी डोंगरउताराची जमीन, ओढ्याचा काठ, काजूच्या बागेची कड अशा जागा योग्य होत. पहिली दोन वर्षे थोडी सावली असलेली बरी.

येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे की, हे झाड म्हणजे झटपट पैसा देणारे पीक नव्हे. त्याची वाढ मंद असते आणि खरेदीदार प्रत्येक ठिकाणी मिळतोच असे नाही. खरेदीचा लेखी करार व परवानगीची खात्री झाल्याखेरीज चांगल्या जमिनीत त्याची मोठी लागवड करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. बांधावर, देवराईच्या कडेला व पडीक उतारावर प्रत्येकी दहा-वीस झाडे लावणे मात्र कोणासही शक्य आहे आणि त्यात नुकसान काहीच नाही.

ज्या गृहस्थांच्या जमिनीतील तीन झाडे गेली, त्यांनी ओढ्याकाठी उरलेल्या एका फळत्या झाडाच्या बिया यंदा पिशव्यांत पेरल्या आहेत. शेतकरी बंधूंनी आपापल्या शिवारात असे झाड शोधावे आणि त्याची पहिली फळे गावाच्या रोपवाटिकेसाठी राखून ठेवावीत, अशी विनंती आहे.